सम्राटचा खुंटा

या सदरात लिहिणारा प्रत्येक जण आधी सांगतो, की आपला असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मीही तेच सांगणार आहे. फक्त माझ्याकडे त्याची घरंदाज कारणं आहेत. आमचं घर नगरकडचं ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या मास्तरांचं. आजोबांचा नियम होता – पवित्र आत्मा सोडला तर इतर कुठल्याही आत्म्याची या घरात चौकशी व्हायची नाही. पुढे मी कॉलेजात इतिहास शिकवला, म्हणजे मेलेल्या माणसांवरच माझा संसार चालला. त्यांतला एकही कधी तक्रार घेऊन परत आला नाही. मी वर्गात त्यांच्याबद्दल जे काही बोलले ते पाहता एखाद्याने तरी यायला हवं होतं.

तेव्हा हे कुणाला पटवून देण्यासाठी लिहीत नाहीये. मला स्वतःलाच ते पटलेलं नाही. पण ते अजून संपलेलंही नाही... म्हणून लिहितेय.

नगरहून पाथर्डीकडे निघालात की करंजी घाट संपल्यावर, तिसगावच्या अलीकडे, उजव्या हाताला एक कमान लागते. कमानीवर नानासाहेबांचा फोटो आहे, त्याच्याखाली एका पांढऱ्या घोड्याचा, आणि त्याच्याही खाली, जागा उरली म्हणून, 'अश्वपालन केंद्र'. आम्ही सगळे तिला नुसतं पागा म्हणतो. लोक आपापले घोडे इथे ठेवतात आणि महिन्याच्या महिन्याला खर्च देतात. घोड्यांचं वसतिगृहच म्हणा. चालवतात मारुतराव. जमीन नानासाहेबांची. नानासाहेब काय आहेत हे नेमकं सांगणं अवघड आहे. ते 'माजी' आहेत आणि 'भावी' आहेत. मधल्या काळात ते वाढदिवस साजरे करतात.

माझा धाकटा भाऊ सुधाकर लष्करात घोडे आणि घोडेस्वार दोघांनाही शिकवायचा. निवृत्त झाल्यावर त्याने तिसगावात घर बांधलं, जुई नावाची तांबडी घोडी घेतली आणि ती मारुतरावांकडे ठेवली. मग त्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मी नगरचं घर बंद करून त्याच्याकडे आले. त्याला सगळं समजायचं. बोलायला गेला की घशातून नुसता घोगरा आवाज यायचा आणि मग तो मान खाली घालायचा. ज्याच्या एका हाकेवर अख्खं मैदान वळायचं, तो माणूस पाणी हवं असलं तरी बोटाने दाखवायचा.

एकदा मी त्याला रिक्षात घालून, व्हीलचेअर मागे बांधून, पागेत नेलं. जुईने मान पुढे केली, त्याच्या शर्टाचा खिसा हुंगला, आणि सुधाकर म्हणाला, "हो बेटा."

स्पष्ट. माझ्या हातातली पिशवी पडली.

त्यानंतर आम्ही रोज दुपारी जायला लागलो. जुईसमोर त्याला मोजकेच शब्द यायचे – 'शाब्बास', 'चल', 'गूळ', 'उद्या'. माणसाशी मात्र एकही नाही. माझ्याशीही नाही. डॉक्टर म्हणाले, सवयीचे शब्द मेंदूत वेगळ्या जागी असतात, ते कधीकधी वाचतात. मला ते स्पष्टीकरण आवडलं. पण एक गोष्ट मला डॉक्टरांशिवायही कळत होती: जुईला काही झालं, तर ते शब्दही जातील. माझी भीती तेवढी एकच होती, आणि अजूनही आहे.

आता पागेतली एक पद्धत सांगायला हवी.

घोडा ठाणावर बांधतात तो पुढून आणि मागून. पुढच्या दोऱ्या म्हणजे अगाडी. मागच्या पायांची दोरी म्हणजे पिछाडी. ती मागे जमिनीत ठोकलेल्या लाकडी खुंट्याला बांधतात. मारुतरावांच्या पागेत घोडा कायमचा गेला, की त्याच दिवशी खुंटा उपटतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कारण विचारलं.

"रीतच हाय, बाई," मारुतराव म्हणाले. "घोडं इकलं, तर पिछाडी घेनाऱ्याच्या हातात द्यायची. ज्यानं दोरी नेली त्यानं घोडं नेलं. मेलं, तर दोरी त्याच्यासंगं मातीत. पन खुटा तसाच ठिवायचा न्हाई."

"ठेवला तर?"

"दुसरं जनावर अडकतं."

खुंट्याला पाय अडकून घोडा पडू शकतो, हे मला अगदी पटलं. चांगली, व्यवहारी पद्धत. मी मनातल्या मनात मार्कही दिले.

कमानीवरचा पांढरा घोडा म्हणजे सम्राट. नानासाहेबांचा. त्याचं शिंगरूपण सुधाकरच्या हाताखाली गेलेलं. त्याला चालायला, थांबायला, माणसावर भरवसा ठेवायला सुधाकरने शिकवलं होतं. पुढे नानासाहेबांनी त्याला डीजेपुढे नाचायला लावलं. पागेत त्याचा प्रोटोकॉल होता. संध्याकाळची चंदी – भिजवलेला हरभरा, जव, कोंडा – आधी सम्राटला. त्याने तोंड घातल्याशिवाय इतर घोड्यांपुढे घमेलं ठेवायचं नाही. हे खुद्द नानासाहेबांनी फोनवरून ठरवून दिलेलं.

यंदाच्या वाढदिवसाला पागेतच मांडव पडला. नानासाहेबांनी तलवारीने केक कापला आणि पहिला घास सम्राटला भरवला. साहेबांनी भरवला म्हटल्यावर कार्यकर्ते मागे कसे राहतील? प्रत्येकाने भरवला, प्रत्येकाचा फोटो निघाला, ज्याचा फोटो हलला त्याने पुन्हा भरवला.

"साहेब, पोट धरंल त्याचं," मारुतराव दोन्ही हात चोळत म्हणाले.

"अहो मामा, एगलेस आहे," एका कार्यकर्त्याने समजूत घातली.

घोड्याला उलटी करता येत नाही. एवढ्या एका बाबतीत तो कार्यकर्त्यासारखा असतो – जे गिळलं ते गिळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो तेव्हा सम्राट जमिनीवर लोळत होता, पुन्हापुन्हा मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होता. डॉक्टर होते, सलाइन होतं. सुधाकरने मला खुणेने खुर्ची जवळ न्यायला सांगितली. सम्राटने त्याला ओळखलं असावं. त्याने डोकं उचललं. सुधाकरचे ओठ हलत राहिले... शब्द आला नाही. चंदीच्या वेळेपर्यंत सम्राट गेला.

जेसीबी आला, नानासाहेबांच्या मळ्यात खड्डा झाला, हार पडले. रस्त्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फ्लेक्स लागले. त्यावर नानासाहेबांचा फोटो घोड्याहून मोठा असल्यामुळे नेमकं कोण गेलं हे कळायला वाहनं थोडी हळू करावी लागत.

मारुतराव पहार घेऊन खुंटा उपटायला निघाले तेव्हा निरोप आला, की ठाणाला हात लावू नका. तिथे स्मृतिस्थळ व्हायचं होतं. सगळं होतं तसं ठेवायचं – अगाडी, पिछाडी, खुंटा. भिंतीला संगमरवरी पाटी बसली. खुंट्याला सोनेरी रंग आणि वर पितळी टोपी. हार घातलेला फोटो. एक क्यूआर कोडही, तो स्कॅन केला की सम्राट नाचतो.

"साहेब, खुटा तेवढा..." मारुतराव म्हणाले.

"मारुती, जमीन कुणाची आहे?" नानासाहेबांनी हसत विचारलं. मारुतरावांनी पहार परत जागेवर ठेवली.

उद्‌घाटनाला भाषण झालं. "सम्राट आपल्यातून गेलेला नाही. तो आजही इथेच आहे, इथेच राहणार आहे!"

माझ्या शेजारी हौसाबाई बसली होती. तिची सोनी नावाची पांढरी घोडी. पंचक्रोशीतले निम्मे नवरदेव त्या घोडीवर बसून बोहल्यावर गेलेले. नवऱ्यामागे त्या घोडीवरच हौसाबाईचं घर चाललेलं. ती तोंडाला पदर लावून मला म्हणाली, "हितंच हाय म्हनतोय. मंग चंदी कोन देनार त्याला, ह्यो?"

मी खूप हसले. मागचे दोघे-तिघेही हसले.

त्याच संध्याकाळी मी पहिल्यांदा ते पाहिलं.

चंदीच्या वेळी पागेत कान किटतात. घमेल्यांचा आवाज आला की घोडे खिंकाळतात, पाय आपटतात, लाथा झाडतात, दंगलच असते. त्या संध्याकाळी काहीच आवाज नव्हता. मारुतरावांनी घमेली ठेवली. एकाही घोड्याने तोंड घातलं नाही. सगळे उभे. सगळ्यांचे कान एकाच दिशेला, सम्राटच्या ठाणाकडे. जुईचं ठाण अगदी त्याला लागून. तिने मान इतकी वळवली होती की तिच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसत होता. आणि मग, काही न घडता, सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या आणि खायला लागले.

"सवय," मी म्हटलं. "तुम्हीच लावलेली. त्याच्याआधी खायचं नाही." कुत्रा आणि घंटेचा तो प्रसिद्ध प्रयोगही मी थोडक्यात सांगितला. मारुतरावांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"व्हय," ते म्हणाले. "पन घंटा कोन वाजवतंय, बाई?"

रोज तेच व्हायला लागलं. मी त्याचीही सवय करून घेतली. माणसाला कशाचीही सवय होते, हे इतिहास शिकवताना मी अनेकदा सांगितलेलं आहे.

पुढचं मात्र वेगळं. नालबंद आला होता, त्यामुळे दुपारी घोडे मागच्या कुंपणात मोकळे सोडलेले. आम्ही सगळे लिंबाखाली चहाला बसलो होतो – मारुतराव, हौसाबाई, नालबंद, सुधाकर, मी, आणि नानासाहेबांचा एक कार्यकर्ता, जो रोजचा हार बदलायला येऊन चहाचा फोटो काढत होता. हौसाबाई नालबंदाला डिवचत होती.

"नाल लई महाग केलं रं. उद्या नवरदेवाला म्हनावं लागंल, पायी चाल बाबा, घोडी परवडंना."

"मावशे, तू नवरदेवाकडून काय कमी घेती का? घोडीबी तुझी, नखराबी तुझा," नालबंद म्हणाला.

चहा संपवून उठलो, तर कुंपणात सोनी नव्हती. ती सम्राटच्या ठाणात उभी होती. फोटोकडे तोंड करून. पुढून अगाडी बांधलेली. मागून दोन्ही पायांना पिछाडी, आणि ती ताणून सोनेरी खुंट्याला पक्की.

सोनी पिछाडी कधीच लावू द्यायची नाही. तिला ती घालायची तर एकाने पुढे डोकं धरायचं, दुसऱ्याने मागे लाथा चुकवायच्या. आणि बाहेर ऐकू जाईल एवढा तमाशा. आम्ही लिंबाखाली होतो, हाकेच्या अंतरावर. काही म्हणता काही ऐकू आलं नव्हतं.

"कुनी केलं हे?" हौसाबाई ओरडली. "मस्करी हाय का?"

सगळेच हजर होतो. वाचक विचारतीलच – कॅमेरा होता का? होता. त्यात फक्त भिंतीवरची संगमरवरी पाटी दिसायची, कारण चोरीची भीती पाटीची होती. माझा तर्क असा, की बाहेरून कुणी तरी येऊन गेलं असेल. असा तर्क मी अजूनही करू शकते. मला फक्त तो माणूस सापडत नाही.

सोनीला सोडून तिच्या ठाणावर नेलं. त्या दिवसापासून ती खायची नेहमीएवढंच, आणि वाळत जायची. रक्त तपासलं, लीद तपासली, सगळं ठीक. कुठेही उभी केली तरी थोड्या वेळाने तिचं तोंड त्या ठाणाकडे वळलेलं असायचं. हौसाबाईचे विनोद बंद झाले. ती घोडीच्या मानेला मिठी मारून तासन्‌तास उभी राहायची, काहीबाही पुटपुटत. एका दुपारी सोनी सावकाश खाली बसली, त्या भिंतीकडे तोंड करून, आणि पुन्हा उठली नाही.

हौसाबाईने स्वतः पहार घेऊन सोनीचा खुंटा उपटला. कुणाला हात लावू दिला नाही. दोरी स्वतः तिच्यासोबत पुरली. मग माझ्याकडे आली.

"बाई, तुमी शिकलेल्या हायेत, तुमचा इस्वास न्हाई. नसू द्या. पन आता तुमच्या जुईचं ठान त्याच्याशेजारी हाय. सुधाकरमास्तरचं काय हुईल त्याचा इचार करा, आन घोडी हलवा हितनं."

मी वाद घातला नाही. चार दिवसांपूर्वी घातला असता. आदल्या दुपारी जुईला खरारा करताना मी पाहिलं होतं की तिचं पुढ्यातला घास खाण्यात लक्ष नाही. ती तोंडात काडी धरून भिंतीकडे बघत उभी आहे. सुधाकरनेही पाहिलं होतं. त्याने 'गूळ' म्हटलं तरी तिने मान वळवली नव्हती.

आमच्या घरामागे पत्र्याची शेड होती. ती साफ करून घेतली, टेम्पो ठरवला. टेम्पोवाला म्हणाला होता लवकर येतो. आला तो चंदीच्या वेळेला. ऊन अजून कमानीवर होतं. मी सुधाकरची खुर्ची सावलीत लावली आणि मारुतरावांबरोबर जुईला आणायला गेले.

जुई हलेना. मारुतराव पुढून ओढत होते, मी मागून ढकलत होते, ती भिंतीकडे तोंड करून गाडल्यासारखी उभी. घमेली समोर भरलेली, पागा गप्प. आणि त्या शांततेत माझ्या पाठीमागून आवाज आला –

"आलो रे, आलो. ओढू नकोस. पाय कापेल तुझा."

पूर्ण वाक्यं. सुधाकरचा आवाज. आजारानंतरचा नाही, त्याच्या आधीचा, मैदानावरचा.

त्याची खुर्ची सम्राटच्या ठाणात होती. एका हाताने आणि एका पायाने रेटत तो तिथवर कसा गेला, देव जाणे. तो वाकून सोनेरी खुंट्यापाशी काहीतरी करत होता. आणि पिछाडी...

इथे मी जे पाहिलं तेच लिहिते. दोरीचं एक टोक खुंट्याला होतं. दुसऱ्या टोकाला काही नव्हतं. आणि ती जमिनीवर पडलेली नव्हती. घोड्याच्या पायाच्या उंचीवर, हवेत, सरळ ताणलेली होती, आणि पतंगाच्या मांज्यासारखी थरथरत होती. माझा चष्मा नुकताच बदललेला होता. मारुतरावांनीही ती पाहिली. त्यांच्या हातून जुईच्या मोरखीची दोरी सुटली.

"मारुती," सुधाकर मान न वळवता म्हणाला, "खुंटा उपट."

जमीन कुणाची आहे, हे मारुतरावांना त्या क्षणी आठवलं नाही. ते पहार घेऊन धावले. मीही खुंट्याला हात घातला. लाकूड गरम होतं. ओलं होतं. हाताला घोड्याच्या घामाचा वास लागला, जो धुतला तरी लवकर जात नाही. खुंटा आमच्या विरुद्ध ओढला जात होता. आणि मग एकदम निघाला, आम्ही दोघे मागे पडलो, आणि दोरी खाली पडली. साधी दोरी.

पागेतल्या घोड्यांनी माना वळवल्या. आधी जवळच्यांनी, मग त्यांच्या पलीकडच्यांनी, मग फाटकाजवळच्यांनी. काहीतरी समोरून जात असताना बघावं तशा. टेम्पोवाला फाटकात उभा होता, तो उगाचच बाजूला सरकला. का सरकला, ते मी नंतर विचारलं. त्याला सांगता आलं नाही.

मग एक घोडा खिंकाळला, दुसऱ्याने लाथ झाडली, आणि उद्‌घाटनापासून न ऐकलेली ती चंदीची दंगल पुन्हा सुरू झाली. मारुतराव जमिनीवर बसून रडत होते आणि हसत होते. जुई स्वतःच्या पायांनी टेम्पोत चढली.

सुटलो, असं मला वाटलं. घरी येईपर्यंत वाटत होतं.

अंगणात सुधाकरला खुर्चीवरून उतरवताना त्याच्या मांडीवरची शाल सरकली. त्याच्या उजव्या मुठीत सम्राटची पिछाडी होती. उजव्या... ज्या हाताने आजारापासून साधी काडी धरली नव्हती. मी त्याची बोटं एकेक करून सोडवायला लागले.

"राहू दे, ताई," तो म्हणाला.

'ताई'. आजारानंतर माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. मी दोरी राहू दिली. तुमच्यापैकी कुणीही राहू दिली असती.

तेव्हापासून सुधाकर बोलतो. डॉक्टरांना फोन केला, तर ते आनंदाने म्हणाले, कधीकधी अशी सुधारणा होते. होत असेल. त्यांना मी एवढंच सांगितलं नाही, की तो माझ्याशी थोडं बोलतो – पाणी दे, पंखा लाव – आणि बाकी सगळं बोलतो ते शेडच्या रिकाम्या कोपऱ्याशी. लांब, शांत, पूर्ण वाक्यं. मैदानावरच्या गोष्टी. जुन्या घोड्यांची नावं. मध्ये थांबतो, ऐकल्यासारखा. मग हसतो. इतकी वर्षं घरात जे ऐकायला मी आसुसले होते, ते मी स्वयंपाकघरात ऐकते, आणि नळ मोठा सोडते.

हौसाबाई जुईला बघायला आली. हसत आली, घोडीसाठी पेंडीभर घास घेऊन. शेडमध्ये खिळ्याला टांगलेली दोरी तिला दिसली, आणि ती दारातच थांबली.

"ही कोनी आनली?"

"सुधाकरने. चुकून. हातात राहिली."

"बाई..." ती खाली बसली. "खुटा उपटून तुमी त्याला सोडला. आन दोरी घरी आनली? ज्यानं दोरी नेली..."

तिला पुढचं बोलावं लागलं नाही. ती पद्धत मला मारुतरावांनीच सांगितली होती, मी तिला मार्कही दिले होते.

"पुरून टाका," ती म्हणाली. "मळ्यात त्याच्यापाशी जमत नसंल तर हितंच. पन मातीत घाला. आजच्या आज."

"पुरली, आणि त्याचं बोलणं गेलं तर?"

अंगणातून सुधाकरचा आवाज येत होता. कुणाला तरी पाऊल सावकाश टाकायला सांगत होता. हौसाबाईने तो ऐकला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण जीभ तिची तीच होती.

"मंग जुईला इचारा, तिला चालतंय का."

जुई संध्याकाळी चंदीला तोंड घालत नाही. घमेल्यासमोर उभी राहते, कान कोपऱ्याकडे. काही वेळाने खाते. तिच्याआधी कुणाचं तरी खाऊन होतं, असं मी म्हणत नाही. काल खरारा करताना तिच्या फासळ्या हाताला लागल्या. डॉक्टर येऊन गेले. सगळं ठीक आहे.

जुईपुढे ते मोजकेच शब्द वाचावेत म्हणून मी तिला घरी आणलं होतं. आता सुधाकरचे सगळे शब्द परत आलेत, आणि तो जुईशी एकही बोलत नाही. ती त्याचा खिसा हुंगते, तो कोपऱ्याकडे बघत असतो.

मला स्पष्टीकरण विचारू नका. दोरी हवेत का उभी राहिली, सोनीला कुणी बांधलं, मेलेला हात कसा मिटला, यांतलं काहीही मला सांगता येत नाही, आणि जे सांगता येतं – सवय, योगायोग, मेंदूतली वेगळी जागा – ते मी स्वतःला रोज सांगून पाहते. काल संध्याकाळी सुधाकरने मला हाक मारली. जवळ गेले, तर अगदी पूर्वीच्या, समजावणीच्या सुरात म्हणाला,

"ताई, त्याला असं मोकळं किती दिवस उभं ठेवणार? खुंटा ठोकून घे."

मी म्हटलं, "उद्या."

आज सकाळी गडी बोलावून शेडच्या त्या कोपऱ्यात खड्डा खणून घेतला. गड्याने विचारलं, कशासाठी? मी त्याच्या हातावर मजुरी ठेवली. खुंटा पक्का बसायला जेवढा लागतो, तेवढाच दोरी पुरायलाही लागतो. हे लिहितेय तेव्हा चंदीची वेळ होत आली आहे, घमेलं भरून ठेवलंय, दोरी माझ्या मांडीवर आहे... आणि बाहेर माझा भाऊ बोलतोय.